ओपेथचं मृत्युपत्र: ग्राउल परतला तो चाहत्यांसाठी नव्हे, मयतासाठी

मेलोट्रॉन_जळगाव

‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ हा स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडचा चौदावा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ ला आला. तेव्हापासून एकच पालुपद कानावर पडतंय: गायक मिकाएल ओकरफेल्टने २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर पहिल्यांदा अल्बमवर ग्राउल (घशातून काढलेला खोल, गुरगुरता आवाज) केला, म्हणजे जुना ओपेथ परत आला. मला हे पटत नाही. जुना ओपेथ परत आलेला नाही आणि त्याबद्दल हळहळायचंही कारण नाही. या खेपेला ग्राउलला एक पात्र मिळालंय, आणि ते पात्र मेलेलं आहे.

ज्यांनी ऐकला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात (शेवट फुटणार आहे, नको असेल तर इथेच थांबा). पहिलं महायुद्ध संपल्यानंतरचा काळ. एक श्रीमंत, कर्मठ म्हातारा वारलाय. त्याच्या हवेलीत मृत्युपत्राचं वाचन आहे. समोर त्याची जुळी मुलं, आणि त्याच खोलीत त्या घरानं सांभाळलेली, पोलिओ झालेली एक अनाथ मुलगी. ही इथं कशाला, हा जुळ्यांचा पहिला प्रश्न. एकेक कलम उघडत जातं तसं कळतं की जुळी त्याच्या रक्ताची नाहीत, मुलगी मात्र मोलकरणीपासून झालेली त्याची आहे, आणि इस्टेट तिच्या नावावर आहे. शेवटच्या गाण्यात मुलीच्या आईचं पत्र येतं: तीसुद्धा त्याची नाही.

गाणी आठ. पहिल्या सातांना नावंच नाहीत, कायद्याच्या मसुद्यात असतं ते कलमाचं चिन्ह आणि १ ते ७ आकडे. नाव फक्त आठव्याला, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’.

आता कोण कोणत्या आवाजात बोलतं ते पाहा. म्हाताऱ्याची कबुली, त्याचा माज, त्याचा हुकूम बहुतेक ठिकाणी ग्राउलमध्ये. खोलीतल्या जिवंत माणसांची चलबिचल साफ गळ्यात. मजकुराचं कोरडं वाचन जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयन अँडरसनच्या बोलक्या आवाजात, कलम १, २, ४ आणि ७ मध्ये. पहिल्या कलमात ओकरफेल्टच्या धाकट्या मुलीचा, मिर्यमचा, आवाज कुठून तरी तरंगत येतो. आणि आठव्या गाण्यात, मृत्युपत्र संपल्यावर, ग्राउल पूर्ण बंद. मयताला आता बोलायला कागदच उरलेला नाही. सगळी रचना याच्यावर उभी आहे. त्यांच्या जुन्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’ अल्बममध्ये ग्राउल हा वाद्यासारखा होता, जड रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी छोटी चाल) आला की ग्राउल, अकूस्टिक आलं की साफ गळा. इथे तो संवादासारखा वापरलाय.

दुसरी गोष्ट लांबीची. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) मध्ये आठ गाणी आणि ६७ मिनिटं, म्हणजे सरासरी साडेआठच्या जवळ. इथेही आठ गाणी, पण ५१ मिनिटांच्या आसपास, सरासरी साडेसहाच्याही आत. त्या कमी जागेत भरणा मात्र जास्त. माझ्या मते ‘घोस्ट रेव्हरीज’नंतरचं (२००५) हे त्यांचं सगळ्यात घट्ट विणलेलं काम. उलट मत असेल तर कारणासकट मांडा.

पांझरा_बेसलाइन (धुळे)

घट्ट विणलेलं की कोंबलेलं, हाच वाद आहे भो.

ओपेथची ताकद काय होती? एक रिफ घ्यायचा, चार फेऱ्या तसाच वाजवायचा, पुढच्या चार फेऱ्यांत त्याच्या खाली बासचा स्वर बदलायचा, मग ड्रम अर्ध्या लयीत टाकायचा. कानाला घर मिळायचं, मग ते घर हलवायचे. इथे रिफ दोनदा वाजतो न वाजतो, तोवर बाईचा आवाज, मग बासरी, मग अँडरसन वाचतोय, मग ब्लास्ट (ड्रमचा अतिवेगवान मारा). कलम ४ घ्या. सात मिनिटांत जड भाग, मग अगदी विरळ भाग, त्यात अँडरसनची बासरी, मग परत जड. प्रत्येक तुकडा सुटा सुरेख. पण एकातून दुसऱ्यात जायला पूल नाही, सरळ उडी. उडी एकदा धक्का देते, पाचव्यांदा तिची सवय होते, आणि मग प्रत्येक गाण्यात ‘आता काय बदलणार’ एवढंच ऐकलं जातं.

पात्राचा मुद्दा कागदावर छान. पण तू स्वतःच ‘बहुतेक ठिकाणी’ लिहिलंस. एकाच माणसाचं बोलणं अर्ध्यात साफ आणि अर्ध्यात ग्राउल होतं अशा जागा आहेत. नियम असेल तर तो पाळावा, नसेल तर त्यावर अल्बमची इमारत उभी करू नये. मला तरी वाटतं, लाइव्हमध्ये जुन्या गाण्यांना ग्राउल चालूच होता, गर्दी त्यालाच ओरडत होती, आणि शेवटी ते स्टुडिओत आलं. यात वाईट काही नाही, पण त्याला नाट्यशास्त्र लावू नका.

मेलोट्रॉन_जळगाव

कल आणि नियम यात फरक आहे. माणूस मृत्युपत्र लिहिताना सगळीकडे दरडावत नाही. जिथे तो बायकोबद्दल बोलतो तिथे गळा साफ होतो, पुढच्याच ओळीला हिशेब सुरू झाला की ग्राउल. एकाच पात्राचा सूर बदलणं ही गफलत कशी?

आणि रिफ परत येत नाही हे बरोबर आहे, पण ते गोष्टीमुळे. मृत्युपत्रातलं कलम ३ वाचून झाल्यावर कुणी परत कलम १ वाचत नाही. मुखडा-अंतरा लावला असता तर तुझी कानाची सोय झाली असती आणि वाचन थांबलं असतं.

पांझरा_बेसलाइन (धुळे)

मग ‘स्टिल लाइफ’चं (१९९९) काय? तीही सलग गोष्टच. हद्दपार केलेला माणूस गावात परततो, शेवटी फाशी. तिथे रिफांना श्वास आहे आणि गोष्टही पुढे सरकते. दोन्ही जमतं, जमवायचं असेल तर.

ठेका_भुसावळ

दोघेही रिफ मोजताय, ड्रम कुणी मोजत नाही. या अल्बमचा खरा बदल वाल्टेरी व्हॅरिनेन आहे. मार्टिन लोपेझ २००६ पर्यंत, मग मार्टिन ॲक्सेनरॉट २०२१ पर्यंत, आणि २०२२ पासून हा फिनलंडचा गडी, आधी पॅराडाइज लॉस्टमध्ये वाजवणारा. ओपेथबरोबर त्याचा हा पहिला स्टुडिओ अल्बम. ॲक्सेनरॉटचा हात जड आणि सरळ. व्हॅरिनेन हाय-हॅटवर (पायाने उघड-बंद होणारी झांजेची जोडी) आणि स्नेअरच्या (कडक वाजणारा छोटा ड्रम) हलक्या फटक्यांवर फार काम करतो, त्यामुळे रिफ तोच असला तरी प्रत्येक फेरीत खालची वीण वेगळी असते. पांझरा, तुला ‘रिफ दोनदाच वाजला’ वाटतं तिथे ड्रमकडे कान लावून ऐक, बदल तिथे चाललाय.

मोजायला अवघड जातं म्हणून पुष्कळ लोक या अल्बमला ‘तुटक’ म्हणतात. आपल्याकडे तबला शिकलेली मंडळी भरपूर आहेत, त्यांच्यासाठी पद्धत सांगतो.

पहिल्यांदा गिटार विसरा. हाय-हॅट किंवा राइड झांज एकसारखी चाललेली असते, तिच्यावर बोट धरा. ती आपली मात्रा (बरेचदा अर्धी मात्रा). मग रिफचा पहिला स्वर पुन्हा कधी येतो ते पकडा, आणि मधल्या मात्रा मोजा. ७ आल्या तर खंड पाडा: ३+२+२ की २+२+३? हे स्नेअरवरून कळतं, कारण स्नेअर सहसा खंडाच्या तोंडाशी पडते. १५ आल्या तर घाबरू नका, बहुतेक वेळा एक ८ चा आणि एक ७ चा तुकडा जोडलेला असतो. आणि मोजून बेरीज दर फेरीला वेगळी येत असेल तर तुम्ही हाय-हॅट सोडून किकवर (पायाने वाजणारा मोठा ड्रम) गेलात. किक रिफच्या नादाने जाते, मात्रा धरून ठेवत नाही. इथेच सगळे घसरतात.

तबलजींची आणखी एक अडचण. रूपक ७ मात्रांचा, पण त्याची सम ‘खाली’च्या, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर: तिं तिं ना, धिं ना, धिं ना. रॉकमधल्या ७ ला पहिली मात्रा सगळ्यात जड. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’वर रूपकचा ठेका धरून बघा, मात्रा जुळतील आणि वजन उलटं पडेल. म्हणून ओपेथ मोजताना ठेका लावू नका, नुसत्या टाळ्या द्या.

व्हायोलिन_नंदुरबार

तंतुवाद्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. त्यांची मांडणी ओकरफेल्ट आणि डेव्ह स्ट्युअर्ट यांची. हा युरिथमिक्सवाला स्ट्युअर्ट नव्हे. हा एग, हॅटफील्ड अँड द नॉर्थ, नॅशनल हेल्थ या बँडमधला कीबोर्डवाला, इंग्लंडमधल्या कँटरबरी (जॅझकडे झुकणाऱ्या रॉकच्या) परंपरेतला. हे माहीत असलं की इथली तंतुवाद्यं सिनेमासारखी का वाजत नाहीत ते कळतं.

मेटलमध्ये व्हायोलिन बसवणं कटकटीचं काम आहे. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा परिणाम) लावलेली गिटार साधारण २०० हर्ट्झपासून ४ किलोहर्ट्झपर्यंत सगळी जागा खाते, आणि व्हायोलिन-व्हायोलाचा जीव तिथेच. पूर्ण कॉर्ड गिटारवर आणि तीच कॉर्ड तंतुवाद्यांवर दिली की दोन्ही चिकटतात आणि नुसता गोंगाट उरतो. मग मिक्सवाला व्हायोलिन मोठं करतो, गिटार बारीक वाटते, गिटार मोठी करतो, हे चक्र संपत नाही. उपाय मिक्समध्ये नसतो, लिहिण्यात असतो. व्हायोलिन गिटारच्या एक सप्तक वर न्यायचं, चेलो बासच्या ओळीला जोडायचा, आणि तंतुवाद्यांची लांब ओळ असेल तिथे गिटारने कॉर्ड सोडून एकेरी स्वर घ्यायचे. या अल्बममध्ये गिटार बऱ्याच ठिकाणी अशी सरकून जागा देते. मेलोट्रॉनदादा म्हणतात तो घट्टपणा मला इथे दिसतो, ग्राउलमध्ये नाही.

तक्रारही आहे. आठव्या गाण्यात तंतुवाद्यं पार गोड झालीत. पत्रातली बातमी एवढी कडू असताना शेवटचा गिटार सोलो इतका मधाळ कशाला?

पांझरा_बेसलाइन (धुळे)

ताई, तो सोलो मला आवडतो. पण तुमच्या म्हणण्यातून माझाच मुद्दा निघतो: कारागिरी पहिल्या दर्जाची, गाणं म्हणून ध्यानात राहणारी जागा कमी. आठवडाभर ऐकून झाल्यावर लोक गुणगुणतात काय? आठवं गाणंच. ज्यात एकच चाल धरून ठेवलीय आणि ग्राउल नाही.

वकील_अमळनेर

काय भो, बठ्ठी इस्टेट पोरले दी टाकी?

संगीताचं तुम्ही बघा, मी कागद बघतो. या गोष्टीवर ‘शेवटचा ट्विस्ट जबरदस्त, मुलीचा हक्कच गेला’ असं बरेच जण लिहितात. हक्क गेलेला नाही.

मृत्युपत्राने मालमत्ता मिळायला रक्ताचं नातं लागतच नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता माणूस शेजाऱ्याला देऊ शकतो. आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५, कलम ६३: करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी सही होताना पाहिली किंवा त्याने त्यांच्यापुढे सही कबूल केली, आणि ज्यांनी त्याच्यासमोर स्वतः सह्या केल्या. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. ‘माझी मुलगी अमुक’ असं लिहिलं आणि ती मुलगी नसल्याचं निघालं तरी व्यक्ती नक्की कोण ते कळत असेल तर कलम ७६ प्रमाणे वर्णनातल्या चुकीने देणगी पडत नाही. म्हणजे पत्र आलं तरी इस्टेट तिचीच.

आपल्याकडे फसतं ते दुसरीकडे. बापाने वडिलोपार्जित शेतीसुद्धा मृत्युपत्रात घातलेली असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे त्यात त्याला फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येतं, अख्ख्या गटाचं नाही. या गोष्टीतल्या जुळ्यांनी खान्देशात दावा लावला असता तर पहिला प्रश्न हाच असता: हवेली कुणाची कमाई?

आणि जुळी ‘त्याची नाहीत’ हेही कोर्टात एवढं सोपं नाही. लग्न चालू असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा निर्णायक मानतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११२, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६. नवरा-बायकोचा त्या काळात संपर्कच शक्य नव्हता हे दाखवावं लागतं. म्हाताऱ्याने नुसतं लिहून ठेवून भागत नाही.

गंमत अशी की बँड स्वीडनचा, आणि स्वीडनमध्ये मुलांचा निम्मा हिस्सा कायद्याने राखलेला असतो, मृत्युपत्राने तो काढता येत नाही. इंग्लंडमध्ये मात्र १९३८ चा कुटुंब-तरतूद कायदा येईपर्यंत बापाला जवळजवळ मोकळं रान होतं. गोष्ट हवेली, वाचन, मोलकरीण अशी इंग्रजी वळणाची का ठेवली असेल ते यातून सुचतं. स्टॉकहोममध्ये बसवली असती तर दुसऱ्या कलमातच जुळ्यांचा वकील उठला असता.

मेलोट्रॉन_जळगाव

वकीलसाहेब, हे फार कामाचं. हक्क शाबूत राहतो म्हणूनच शेवट टोचतो. पत्राने तिची इस्टेट गेली असती तर तो नुसता फिल्मी न्याय झाला असता. इथे तिच्याकडे सगळं राहतं आणि ते कशाच्या जोरावर मिळालं ते एकटीला ठाऊक असतं. व्हायोलिनताईंना सोलो गोड का वाटला त्याचंही हे उत्तर: बाहेरून सगळं गोडच दिसणार आहे.

पांझरा_बेसलाइन (धुळे)

साहेब, एक फट राहिली. फसवून करून घेतलेलं मृत्युपत्र रद्दबातल असतं ना? आईने ‘ही तुमची’ म्हणून म्हाताऱ्याला फसवलं असेल तर?

वकील_अमळनेर

बरोबर जागी बोट ठेवलंत. कलम ६१: फसवणूक किंवा जबरदस्तीने घडवून आणलेलं मृत्युपत्र, किंवा त्याचा तेवढा भाग, रद्दबातल. पण दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. आईला खरं माहीत असून ती खोटं बोलली, आणि त्या खोट्यामुळेच त्याने इस्टेट दिली, एरवी दिली नसती. पोलिओ झालेल्या पोरीला त्याने इतकी वर्षं घरात वाढवलं, म्हणजे माया होती असा बचाव लगेच उभा राहतो. आणि सगळ्यात मोठं: ते पत्र कोर्टले दखाडी कोन? कागद तिच्या हातात.

दौंड_मनमाड_पॅसेंजर

वाद छान चाललाय पण आमच्यासारख्या नवख्यांना हा अल्बम सुरू कुठून करायचा? कलम १ मध्ये पावलांचे आवाज येतात, बास सुरू होतो, बरं वाटतं, आणि मग ग्राउल आला की घरचे विचारतात काय लावलंय.

मेलोट्रॉन_जळगाव

यापासून सुरू करू नका. ‘डॅम्नेशन’ (२००३) घ्या, त्यात ग्राउल अजिबात नाही, मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित आवाज वाजवणारा जुना कीबोर्ड) आणि साफ गळा. निर्मितीत ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनचा हात आहे. मग ‘ब्लॅकवॉटर पार्क’. त्यानंतर ‘इन कॉडा व्हेनेनम’ (२०१९), शक्यतो स्वीडिश आवृत्ती; तोच अल्बम इंग्रजीतही आहे, पण शब्द स्वीडिशमध्ये जास्त सहज बसतात. मग हा. आणि या अल्बमला शफल बंद. कलम ५ आधी आणि २ नंतर लागलं तर गोष्टीचा चुराडा. पहिल्या ऐकण्याला शब्द समोर ठेवा, दुसऱ्याला ठेवू नका.

पांझरा_बेसलाइन (धुळे)

या यादीला माझा विरोध नाही, फक्त ‘पेल कम्युनियन’ (२०१४) घाला. ग्राउल नसलेला काळ म्हणजे मधली पडझड, असा सूर या अल्बमनंतर लागलाय तो चुकीचा आहे. ‘हेरिटेज’ ते ‘इन कॉडा व्हेनेनम’ हे चार अल्बम नसते तर आजची तंतुवाद्यं, बासरी, ऑर्गन यातलं काहीच जमलं नसतं. ग्राउल परत आला म्हणून टाळ्या वाजवणारे नेमकं हेच विसरतात. या बाबतीत मेलोट्रॉन आणि मी एका बाजूला.

साउंडवाला_चाळीसगाव

नवख्यांचे घरचे वैतागतात त्याला निम्मं कारण सेटिंग असतं. फोनवर नाहीतर होम थिएटरवर बास बूस्ट चालू. किकचा दणका ६० ते १०० हर्ट्झ, बास गिटारचं अंग ८० ते २५०, ग्राउलचं अंगही त्याच्या लगेच वर. बूस्टने हे सगळं एकत्र फुगतं आणि ग्राउल नुसता घरघरतो, शब्द उमटत नाहीत. शब्द २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतात. म्हणून बूस्ट बंद, २५० च्या आसपास २-३ डेसिबल (डीबी) खाली, ३ किलोहर्ट्झला २ डीबी वर. याहून जास्त वर नेलंत तर झांजा कानात टोचतील. ॲपमधलं आवाज समान करायचं सेटिंग चालू असेल तर ‘मोठा’ हा पर्याय टाळा, तो शांत भाग वर ओढतो. कलम ४ मधली बासरी आणि पुढचा जड भाग यातला फरकच मरतो.

कुलर चालू असलेल्या खोलीत उघड्या पाठीचे हेडफोन निरुपयोगी. कुलरची घरघर खालच्या भागात असते, ती झाकायला माणूस आवाज वाढवत जातो. बंद कपाचे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डीबी आहे, आणि दर ३ डीबी वाढीला वेळ निम्मा होतो.

बाकी मिक्सबद्दल: स्टेफान बूमान आणि ओकरफेल्ट निर्माते, मुख्य ध्वनिमुद्रण वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत. मार्टिन मेंडेसचा बास इतका पुढे आहे की मेटल अल्बममध्ये असा क्वचित मिळतो. पांझराभाऊ, नावात बेसलाइन आणि याबद्दल एक शब्द नाही?

पांझरा_बेसलाइन (धुळे)

बासबद्दल वादच नाही म्हणून लिहिलं नाही. कलम १ ची सुरुवात म्हणजे बासचा अल्बम वाटावा अशी. वाद झाला तर मेंडेसला पुरेशी मोकळी जागा देत नाहीत याचा.

कच्चा_गळा_पारोळा

ग्राउल शिकायचाय. यूट्यूब पाहून दोन दिवस केला तर आवाज बसतो. ओकरफेल्टचा आवाज इतका खोल येतो कसा?

ठेका_भुसावळ

घासून करतोयस म्हणजे खऱ्या स्वरतंतूंवर करतोयस. खोल ग्राउलमध्ये काम करतात त्यांच्या वरच्या दोन घड्या, ज्यांना आभासी स्वरतंतू म्हणतात. जड पोतं उचलताना जो ‘हंफ्’ निघतो तो तिथला.

क्रम असा ठेव. १० मिनिटं नुसतं गुणगुणणं आणि ओठ फुरफुरवणं. मग जांभई दिल्यासारखा घसा मोकळा, जीभ खाली, पोटातून श्वास. हवेचा ‘हाऽ’ सोड, आवाज नको. त्या हवेवर हळूच तो ‘हंफ्’ चढव. पातळी बोलण्याएवढीच ठेव. ग्राउल मोठा असतो हा गैरसमज आहे, मोठं करायचं काम माइकचं. पहिले काही आठवडे दिवसाला १०-१५ मिनिटं पुरे. जळजळ, खोकला, टोचणं यातलं काही आलं की त्या दिवशी बंद. आवाज दोन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा डॉक्टर.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या कोरड्या हवेत घसा लवकर सुकतो. पाणी गाताना पिऊन उपयोग नाही, तासभर आधीपासून थोडं थोडं पी. आणि माइकचं डोकं मुठीत झाकू नको. व्हिडिओत रुबाबदार दिसतं, पण समोरूनच ऐकणारा माइक त्याने चहूबाजूंनी ऐकायला लागतो, मंचावरच्या मॉनिटर स्पीकरची शीळ सुरू होते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो.

व्हायोलिन_नंदुरबार

आणि आधी साफ गा, बाळा. ओकरफेल्टचा ग्राउल ऐकायला बरा वाटतो कारण त्यात शब्दफेक आणि लय साफ गाणाऱ्याची आहे. नुसती घरघर कुणालाही येते.

वहीवाला_यावल

मला पांझराचं ‘कानाला घर हवं’ पटत नाही. आपल्या वहीगायनात डफाच्या साथीने आख्यान रात्रभर चालतं. म्होरक्या गोष्ट पुढे नेतो, मागचे पालुपद धरतात. ऐकणारा चालीसाठी थांबत नाही, पुढे काय होतं यासाठी थांबतो.

पांझरा_बेसलाइन (धुळे)

भाऊ, तुम्हीच लिहिलंत: मागचे पालुपद धरतात! रात्रभर बसता येतं ते त्या पालुपदामुळे. ओपेथने म्होरक्या ठेवला आणि मागचे सगळे घरी पाठवले. माझी तक्रार तेवढीच आहे.

मेलोट्रॉन_जळगाव

पालुपद आहे, फक्त शब्दांचं नाही. अँडरसनचं वाचन चार ठिकाणी येतं ते काय? कलम १, २, ४, ७. तो आवाज आला की कळतं, वाचन पुढे सरकलं. ३, ५ आणि ६ मध्ये तो नाही, तिथे माणसं आपापसात गुंतलेली आहेत. या तीन कलमांत शब्द समोर ठेवून कोण बोलतंय याची नोंद कर, मग रिफ कुठे बदलतात ते त्याच्या शेजारी लिही. उड्या कुठून येतात ते दिसेल.

पांझरा_बेसलाइन (धुळे)

करतो. पण उडी का मारली हे कळल्याने ती कानाला बरी लागेल याची हमी तू देऊ नकोस. डिसेंबर २०१९ च्या आसपास पुण्याच्या एनएच७ वीकेंडरला ओपेथ वाजवून गेले, तेव्हा ‘इन कॉडा व्हेनेनम’ नुकताच आलेला होता. हा अल्बम घेऊन पुन्हा आले तर बघू, मैदानात लोक कलम ५ ला मान हलवतात की पुढचं जुनं गाणं कधी येतंय याची वाट बघतात.

ठेका_भुसावळ

कलम ५ ला मान हलवायची असेल तर आधी हाय-हॅट धर.